सव्वा तासाचे नागपूर

मित्रांनो, शाळेच्या व्हरांड्यातून येता-जाता तुम्ही माझ्याकडे पाहता आणि आपापसांत पैजा लावता. कोणी म्हणते, हे होडीचे वल्हे आहे. कोणी म्हणते, जुन्या छतपंख्याचे पाते असेल. पण बडनेऱ्यात होडी कशाला येईल? आणि छतपंख्याचे पाते पुरुषभर उंचीपेक्षा लांब कसे असेल? मी विमानाचा पंखा आहे, अस्सल लाकडाचा. विमानाच्या नाकावर बसून हवा कापत जायचे, हे माझे काम होते. आज माझे एक टोक चिरलेले आहे आणि पितळी पट्टी काळी पडली आहे. तरी ऐका. तुमच्या या गावावरून मी शेकडो वेळा उडत गेलो आहे. मात्र या गावी उतरायला मला बरीच वर्षे लागली.

माझा जन्म दूरच्या एका थंड मुलखातला. अक्रोडाच्या फळ्या एकीवर एक चिकटवून, दाबून, वाळवून मला घडवले. एका म्हाताऱ्या सुताराने मला तासले. मग मधल्या भोकातून सळई घालून त्याने मला तोलून पाहिले. एक बाजू जरा खाली झुकली की तो दुसऱ्या बाजूला वार्निशाचा एक हात देई. दोन्ही बाजू समान झाल्या तेव्हाच त्याने मला हातावेगळे केले. पुढे दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाली आणि एका छोट्या विमानाबरोबर मी जहाजातून हिंदुस्थानात आलो. लढाई संपल्यावर सरकारने अशी विमाने विकायला काढली. त्यातले आमचे विमान अकोल्याच्या खुशालरावांनी घेतले.

खुशालराव म्हणजे मोठे शेतकरी. दर्यापूरकडे त्यांची काळी जमीन होती आणि अकोल्यात कापसाची जिनिंग, म्हणजे सरकी काढायचा कारखाना. माणूस हौशी होता, बोलण्यात रोखठोक होता आणि मनाने वाईट मुळीच नव्हता. अकोल्याबाहेर शिवणीला लढाईच्या काळात बांधलेली धावपट्टी होती. तिच्या कडेला पत्र्याची शेड उभारून त्यांनी आम्हाला तिथे ठेवले. विमान चालवायला नागपूरचा ओमप्रकाश नावाचा तरुण वैमानिक आणला. आणि विमानाची देखभाल करायला चंद्रभानला ठेवले.

चंद्रभान बडनेऱ्याचा. त्याचे वडील रेल्वेत रूळ सांभाळायचे, ते लवकर गेले. घरी आई होती, जाईबाई. ती जिनिंगमध्ये मजुरीला जाऊन पोट भरत असे. चंद्रभान मोटारींच्या गॅरेजमध्ये काम शिकला होता. विमानाचे काम त्याला ओमप्रकाशने शिकवले. आमच्या विमानाला आपोआप चालू होण्याची सोय नव्हती. ओमप्रकाश आत बसे. चंद्रभान माझ्यासमोर उभा राही, दोन्ही तळवे माझ्या पात्यावर ठेवी आणि "काँटॅक्ट" असे ओरडून मला जोराने खाली ओढी. इंजिन फडफडून जागे होई आणि चंद्रभान झटकन मागे सरके. त्याच्या तळव्यांना ग्रीसचा आणि चुन्याचा वास येई. संध्याकाळी तो मला ओल्या फडक्याने पुसे, मग कोरड्या फडक्याने, आणि जाण्याआधी मला आडवा करून ठेवी. लाकडी पंखा उभा राहिला तर ओल खालच्या टोकाला उतरते आणि तोल बिघडतो. हे ओमप्रकाशने त्याला एकदा सांगितले होते. त्यानंतर एकही संध्याकाळ तो ते विसरला नाही.

आमची नेहमीची फेरी अकोला ते नागपूर. कापसाच्या व्यवहारासाठी खुशालरावांना नागपूरला सारखे जावे लागे. सरळ रेघेत हे अंतर एकशे तीस मैलांचे. आगगाडी वर्ध्याकडे वळसा घालून जाते, तिला पाच-सहा तास लागत. खुशालराव पाहुण्यांना मोठ्या ऐटीत सांगत, "आपल्याले सव्वा तास." सांगताना ते घड्याळावर बोट ठेवत.

ओमप्रकाश हसून म्हणे की हा सव्वा तास वाऱ्याला विचारून सांगावा. त्याचे म्हणणे खरे होते. आषाढ-श्रावणात पश्चिमेचा वारा सुटला की नागपूरला जाताना तो आम्हाला पाठीमागून ढकली आणि आम्ही सव्वा तासाच्याही आत पोचत असू. त्याच दिवशी परत येताना तोच वारा तोंडावर येई. मी तितक्याच वेगाने फिरत असे, इंजिन तेवढेच तेल पीत असे, आणि खालची झाडे मात्र जागची हलत नसत. अकोला यायला दोन तास लागत. तेव्हापासून मला कोडे पडले होते. अंतर तेच, पंखा तोच, माणसे तीच. मग वेळ निराळा कसा? अंतर जमिनीवर असते, वेळ मात्र ज्याला त्याला निराळा मिळतो, एवढेच मला तेव्हा कळले होते.

वरून वऱ्हाड फार सुंदर दिसे. काळ्या जमिनीचे चौकोन, त्यांत कपाशीची हिरवी-पांढरी नक्षी, काटेपूर्णा नदीची वळणे, मूर्तिजापूरची अरुंद रुळांवरची छोटी गाडी. आणि मग बडनेरा. रुळांचा मोठा गुंता, उभी इंजिने, धुराचे दोर. उजवीकडच्या वस्तीत एका कौलारू खोलीच्या अंगणात एक बाई उभी असे. आमचा आवाज ऐकला की ती हातातले काम टाकून वर पाही. ती जाईबाई. आपल्या पोराने फिरवलेला पंखा डोक्यावरून जातो, हे तिला ठाऊक होते.

पण चंद्रभान कधीच विमानात बसला नव्हता. तीन माणसांची जागा होती. ओमप्रकाश, खुशालराव, आणि तिसऱ्या जागेवर कधी कापसाच्या नमुन्यांची पोती, कधी एखादा पाहुणा. जाईबाईने त्याला एकदा विचारले होते की तू कधी त्यात जातोस का. नाही, असे तो म्हणाला. मग ती म्हणाली होती, "म्हन्जे तू त्याले ढकलून देतं अन् मांगं राहतं." हे त्यानेच ओमप्रकाशला हसत हसत सांगितले. सांगताना तो मला पुसत होता आणि त्याचा हात एका जागी बराच वेळ फिरत राहिला.

आता मी तुम्हाला छप्पन सालच्या दसऱ्याची गोष्ट सांगतो.

त्या वर्षी आश्विन लागल्यापासून वस्त्यावस्त्यांमधून एकच बोलणे चालले होते. दसऱ्याच्या दिवशी नागपूरला धम्मदीक्षा होणार होती. गावोगावची माणसे निघायच्या तयारीत होती. बायकांनी पांढरी लुगडी विकत घेतली होती, ज्यांच्याजवळ पैसा नव्हता त्यांनी जुनी धुऊन निळीत काढली होती. जाईबाईनेही आपले लुगडे तयार ठेवले होते. पण तिचा गुडघा सुजला होता. गाडीत उभे राहून नागपूर गाठणे तिला झेपणारे नव्हते, आणि त्या दिवसांत बसायला जागा मिळणार नाही हे तर दिसतच होते. चंद्रभान म्हणाला की तू राहा, मी जाऊन येतो. तिने मान हलवली. "मी नाई गेली तं मंग कोन गेलं?" एवढेच ती म्हणाली.

खुशालरावांना दसऱ्याच्या आदल्या दिवशी नागपूरला एका बैठकीला जायचे होते. रात्री मुक्काम करून दसऱ्याच्या सकाळी ते घरी परतणार होते. तिसरी जागा रिकामी होती. ओमप्रकाशने शेडमध्ये सर्वांसमक्ष सुचवले की जाईबाईंना त्या जागेवर घेऊन जाऊ. खुशालरावांनी विमानाकडे पाहिले, आतल्या अरुंद बाकाकडे पाहिले. शेजारी बसायचे म्हणजे खांद्याला खांदा लागणार होता. मग ते म्हणाले, "आन तुह्या मायले. जाऊ घेऊन." त्या संध्याकाळी चंद्रभानने मला तीनदा पुसले.

जाईबाईला निरोप गेला तेव्हा तिला एक गोष्ट मात्र समजेना. तिने मुलाला विचारले, "इमान माह्या घरावरून जाते ना? मंग मले मांगं अकोल्याले काहून बलावतं?"

चंद्रभानने तिला समजावले की विमानाला उतरायला जागा लागते, ती बडनेऱ्याला नाही. नागपूर पूर्वेला, आणि नागपूरला जाण्यासाठी म्हातारीला दोन तास पश्चिमेकडे यावे लागणार होते. मला स्वतःला हे कधी सुचले नव्हते. मी अकोला आणि नागपूर अशी दोन टोके मोजत आलो होतो. मधे ज्यांची घरे होती, त्यांना आधी एका टोकाला पोचावे लागते, हे मी पहिल्यांदा ऐकले.

ती खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी आली आणि शेडमागच्या चौकीदाराच्या खोलीत झोपली. सकाळी शेडमध्ये पूजा होती. खंडेनवमीला हत्यारे-अवजारे पुजतात, तशी विमानाची पूजा. झेंडूची माळ माझ्या गळ्यात पडली, हळदकुंकू लागले. पूजा सांगणाऱ्या भटजींनी चंद्रभानला जरा लांब उभे राहायला सांगितले. इतकी वर्षे ज्याच्या हातांनी मी फिरत होतो, तो माझ्यापासून दहा पावलांवर भिंतीला टेकून उभा राहिला. त्या दिवशी माझी खूप स्तुती झाली. कोणी मला गरुड म्हणाले. मित्रांनो, इतकी फुले अंगावर असताना मला इतके अवघडल्यासारखे पुन्हा कधी झाले नाही.

पूजा आटोपते न आटोपते तोच खुशालरावांची मोटार आली. आतून त्यांच्याबरोबर त्यांचे मेहुणे उतरले. रेशमी कोट, हातात बॅग. त्यांना नागपूरला एका लग्नाची बोलणी करायची होती आणि आगगाडीला गर्दी फार, असे रात्री घरात ठरले होते.

जाईबाई पांढरे लुगडे नेसून, हातात भाकरीची शिदोरी घेऊन शेडच्या दाराशी उभी होती. खुशालरावांनी तिला पाहिले. मग ते चंद्रभानकडे वळून, पण त्याच्या तोंडाकडे न पाहता म्हणाले, "पाहुन्याले नेनं भाग हाय. तुह्या मायले पुढच्या खेपेले नेऊ."

पुढच्या खेपेला नागपूर असणार होते. पण तो दिवस असणार नव्हता.

ओमप्रकाश आत बसला. त्याने चंद्रभानकडे पाहिले आणि मान खाली घातली. चंद्रभान माझ्यासमोर आला. त्याने हात उचलले, आणि ते हवेतच थांबले. त्याच्या मनात काय चालले होते ते मला कळत होते. त्याने हात खाली घेतले असते, तर त्या सकाळी अकोल्यात मला फिरवणारे दुसरे कोणी नव्हते.

जाईबाई लंगडत पुढे आली. "फिरव," ती म्हणाली. "हाती घेतलं काम अर्धं नाई सोडत आपन. मंग टेसनावर चाल."

त्याने माझ्या पात्यावर तळवे ठेवले. ते थंड होते. "काँटॅक्ट," तो म्हणाला, नेहमीसारखा ओरडून नाही. इंजिन लागले. माझ्या गळ्यातली माळ पहिल्याच फेरीत तुटली आणि झेंडू धावपट्टीवर उधळले गेले. मागे वळून पाहणे मला जमत नाही. पण विमान वळले तेव्हा दिसले, माय-लेक धावपट्टीच्या कडेने स्टेशनच्या वाटेला लागले होते. त्याने तिची शिदोरी घेतली होती आणि तिने त्याचा खांदा धरला होता.

त्या दिवशी वरून पाहिलेले दृश्य मी विसरणार नाही. प्रत्येक स्टेशनावर पांढरे ठिपके. बैलगाड्यांच्या रांगा. पायवाटांवर माणसांच्या ओळी, सगळ्या एकाच दिशेला. गाड्यांच्या टपांवर माणसे. खुशालरावांचे मेहुणे खिडकीतून पाहत होते. केवढी गर्दी, बरे झाले आपण विमानाने आलो, असे ते दोनदा म्हणाले. बडनेऱ्यावरून जाताना मी सवयीने त्या अंगणाकडे पाहिले. तिथे कोणी नव्हते.

आम्ही सव्वा तासात सोनेगावच्या विमानतळावर उतरलो. खुशालरावांनी घड्याळावर बोट ठेवले. इथवर सगळे नेहमीसारखे झाले.

विमानतळ शहरापासून चार-पाच मैल दूर होता. न्यायला यजमानांची मोटार येणार होती. ती आली नाही. वर्ध्याच्या रस्त्यावर माणसांचा लोंढा होता आणि शहराकडून मोटार बाहेर निघणे कठीण होते. टांगेवाले नव्हते. खुशालरावांनी विमानतळाच्या कचेरीतून फोन केला. अर्ध्या तासात गाडी पाठवतो, असे उत्तर आले. अर्धा तास गेला, दुपार गेली, बैठकीची वेळ गेली. मेहुणे चिडले, मग थकले, मग बाकावर झोपले. पाच मैल चालत जावे, हे त्या दोघांच्या मनातही आले नाही. आमचे विमान तारेच्या कुंपणाजवळ, रस्त्याच्या कडेलाच बांधलेले होते. खुशालराव पंखाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले आणि रस्त्याने जाणारी माणसे पाहत राहिले. अंधार पडल्यावर त्यांनी विमानतळाच्या विश्रामखोलीत पथारी टाकली. विमानाने आलेला माणूस नागपूरच्या दाराशी अडून बसला होता.

उजाडले. तो दसऱ्याचा दिवस. खुशालरावांना आता निदान घरी तरी वेळेवर पोचायचे होते. ओमप्रकाश विमान तयार करू लागला. पण मला फिरवायला कोणी मिळेना. एरवी तिथे मला फिरवून देणारे मजूर, झाडूवाले, इंधन भरणारे, सगळे पहाटेच निघून गेले होते. ओमप्रकाशने दोनदा कचेरीत जाऊन विचारले. रिकामा माणूस नव्हता.

तेवढ्यात कुंपणापलीकडे, चालणाऱ्या माणसांमध्ये, ओमप्रकाशला चंद्रभान दिसला.

त्यांचा प्रवास कसा झाला ते चंद्रभानने नंतर ओमप्रकाशला सांगितले, तेव्हा मी ऐकले. अकोल्याच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. जाईबाईला लोकांनी उचलून खिडकीतून आत घेतले. आतल्या बायांनी दाटीवाटी करून तिला बसवले आणि तिचा सुजलेला पाय कोणीतरी आपल्या मांडीवर घेतला. बडनेऱ्याला ओळखीची माणसे चढली. गाडी ठिकठिकाणी थांबे, आणि थांबली की कोणी पाणी आणी, कोणी भाकरी. वर्ध्याला बराच वेळ गेला. रात्रभर गाणी चालली होती. पहाटे गाडी नागपूरच्या अलीकडे खापरीजवळ उभी राहिली ती हलेना. तेव्हा लोक उतरून चालू लागले आणि जाईबाईसुद्धा उतरली.

आता ती तारेपलीकडे उभी होती. लुगड्याची कडा धुळीने माखली होती, पण चेहरा धुतल्यासारखा होता. तिने विमान ओळखले, मग खुशालरावांना ओळखले. त्यांचे चुरगळलेले कपडे, वाढलेली दाढी, बाजूला पडलेली बॅग, हे सगळे तिने पाहिले आणि तिला खरेच काळजी वाटली.

"मालक," ती म्हणाली, "तुमी अजून पोचले नाई?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर खुशालरावांना उत्तर सुचले असते.

मग त्यांची नजर चंद्रभानकडे गेली आणि चंद्रभानची माझ्याकडे. मी आडवा, तयार. दोन तळव्यांचे काम होते, क्षणाचे. खुशालराव म्हणाले, "चंद्रभान, येवढं फिरवून देतं का? दसरा हाय."

चंद्रभानने शहराच्या दिशेला पाहिले. तिकडून हजारो माणसांचा एकच आवाज येत होता, दूर पाणी वाहते आहे तसा. कुंपणाचे फाटक लांब होते. वळसा घालून यायचे, विमान लावून द्यायचे, परत जायचे, आणि आईचा पाय तसा. तो हळू आवाजात, पण सरळ खुशालरावांच्या डोळ्यांत पाहून म्हणाला, "मालक, आज नाई. परवा कामावर येतो."

मी इतकी वर्षे त्याच्या हातांनी फिरलो होतो. त्या सकाळी न फिरण्यात मला धन्यता वाटली.

खुशालराव रागावतील असे मला वाटले. त्यांचा ओठ हललाही. पण ते जाईबाईच्या पायाकडे पाहत होते. मग ते ओमप्रकाशला म्हणाले, "तू पन जा. कोनाची सायकल पाह्य. बाईले चालवू नको."

ओमप्रकाशने उपाहारगृहाच्या माणसाची सायकल मागून आणली. जाईबाईला मागच्या कॅरिअरवर बसवले. एका बाजूने वैमानिकाने हँडल धरले, दुसऱ्या बाजूने मुलाने आईला धरले, आणि ते तिघे गर्दीत मिसळून गेले. मित्रांनो, दीक्षेची ती जागा मी पाहिली नाही. आम्ही विमानतळाच्या पलीकडे जात नाही. खुशालराव दुपारपर्यंत कुंपणाशी उभे होते. त्यांनी आपट्याची पाने कोणाला दिली नाहीत आणि कोणाकडून घेतली नाहीत.

दुसऱ्या दिवशी विमानतळाचे मजूर परतले, त्यांनी मला फिरवले आणि आम्ही अकोल्याला आलो. ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी चंद्रभान शिवणीच्या शेडमध्ये हजर झाला. त्याने फडके भिजवले आणि मला पुसायला घेतले. खुशालराव आले, हजेरीबद्दल बोलले नाहीत, नोकरीबद्दल बोलले नाहीत. ते फक्त म्हणाले की पुढच्या आठवड्यात नागपूरची फेरी आहे, तिसरी जागा तुझ्या आईसाठी ठेवली आहे. चंद्रभानने बडनेऱ्याला जाऊन आईला विचारले आणि तिचे उत्तर जसेच्या तसे आणले. "त्याइले सांग, मले आता नागपुरले जायचं नाई. मी जाऊन आली."

हे ऐकून खुशालराव थोडे हसले, पण त्यांचे डोळे हसले नाहीत. मग त्यांनी चंद्रभानला विचारले, "तुले कधी बसा वाटलं नाई काय रे?"

इतक्या वर्षांत हे त्याला कोणी विचारले नव्हते. तो म्हणाला, "वाटलं होतं."

त्या फेरीला चंद्रभान विमानात बसला. मला फिरवायला जिनिंगमधला एक माणूस शिकवून तयार केला होता. चंद्रभान खिडकीला नाक लावून बसला होता. काटेपूर्णा गेली, मूर्तिजापूर गेले. अर्धा तास व्हायच्या आत रुळांचा गुंता दिसला आणि कौलारू खोलीचे अंगण दिसले. जाईबाई नेहमीप्रमाणे वर पाहत उभी होती. तिला ठाऊक नव्हते की आज तिचा मुलगा आत आहे. चंद्रभान बराच वेळ खाली पाहत राहिला. मग इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने तो म्हणाला, "माय इतक्या जवळ राहते?"

तो महिन्या-दोन महिन्यांनी घरी जात असे. अकोल्याचे काम, गाडीचा वेळ, सुटीची अडचण. बडनेरा त्याच्यासाठी नेहमी लांबच होते. दोन वर्षांनी त्याने नोकरी सोडली आणि अमरावतीला मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात काम धरले, रोज संध्याकाळी बडनेऱ्याला घरी जाता येईल असे. खुशालरावांनी त्याला अडवले नाही.

तो गेल्यावर माझे दिवस फिरले. नवा माणूस मला तसाच सोडून जाई, कधी उभा, कधी तिरपा. एका पावसाळ्यात माझा तोल बिघडला आणि विमान थरथरू लागले. त्यातच शिवणीला उतरताना एक दगड उडाला आणि माझे टोक चिरले. विमानाला नवा पंखा आणला. पुढे खुशालरावांनी विमानच विकले आणि ओमप्रकाश मोठ्या विमानांकडे गेला. मी जिनिंगच्या वखारीत पडलो. वखारीचे दार वाऱ्याने आपटते म्हणून मला दाराला टेकवून उभे केले. कपाशीची धूळ अंगावर बसली. कोणी माझ्यावर पिशवी अडकवी, कोणी बिडी विझवी. वीस-पंचवीस वर्षे मी तसा होतो.

एके दिवशी दार उघडले आणि चंद्रभान आत आला. केस पांढरे झाले होते. त्याची मुलगी कौशल्या बडनेऱ्याच्या शाळेत शिक्षिका झाली होती. तिने मुलांना विमानाची गोष्ट सांगितली होती आणि मुलांना ती खरी वाटली नव्हती. तो मला मागायला आला होता. खुशालराव आता काठी घेऊन चालत. त्यांनी माय कशी आहे असे विचारले. चंद्रभान म्हणाला की आहे, दिसत नाही फारसे, पण आवाजावरून माणूस ओळखते. मग खुशालरावांनी काठी भिंतीला लावून ठेवली, वाकून माझे चिरलेले टोक स्वतः उचलले आणि चंद्रभानला म्हणाले, "धर तिकून." मी विमानावर असताना त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. दोघांनी मला आडवे धरून एसटीच्या थांब्यापर्यंत नेले. वाटेत दोनदा थांबून त्यांनी दम घेतला.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा जमिनीवरून प्रवास केला, एसटीच्या टपावर, दोरीने बांधलेला. जो टप्पा मी पंचवीस मिनिटांत ओलांडत असे, त्याला अर्धा दिवस लागला. बोरगावला गाडी थांबली, मूर्तिजापूरला थांबली, आणि मधे एका शेताजवळही थांबली, कारण एक बाई बांधावरून हात करत धावत येत होती. वरून मला ती कधी दिसली नसती. टपावर चढून चंद्रभानने दोनदा माझी दोरी तपासली. बडनेऱ्याला उतरल्यावर तो मला आधी घरी घेऊन गेला. जाईबाईने दोन्ही हातांनी मला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपले आणि चिरलेल्या जागी बोटे थांबवली. "लागलं याले," ती म्हणाली.

तेव्हापासून मी इथे तुमच्या व्हरांड्यात आहे. कौशल्याबाईंनी मला आडवा टांगला आहे, आणि महिन्यातून एकदा तुमच्यापैकी कोणीतरी मला पुसते. पुसा, मला बरे वाटते. पण मित्रांनो, त्याहून मोठे एक मागणे आहे. तुम्ही शिकाल, मोठे व्हाल, मोटारी-विमानांतून जाल. दोन गावांमधले अंतर किती आणि वेळ किती, हे तुम्हाला गणितात काढता येईल. निघण्यापूर्वी मात्र तुमचा पंखा ज्याने फिरवला, त्याच्याकडे एकदा पाहा आणि त्यालाही कुठे जायचे आहे का ते विचारा. आणि एखाद्याला जागा देऊ केली असेल, तर ती त्याच्यासाठी ठेवा. ती एकदा हुकली की दुसऱ्या दिवशी तेच गाव तिथे असते, पण ज्यासाठी त्याला तिथे जायचे असते ते उरत नाही.